एका आडनावाचे शब्द

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळत आलो. विषय निघाला की चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर उठून बाल्कनीत जायचो. बायको म्हणायची, "या घरात सगळ्यात जास्त धूळ तुमच्याच चष्म्यावर बसते." आता टाळणार नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी मंडळाने माझ्याकडे शब्दस्पर्धेच्या गोड आठवणी मागितल्या. मी आठवणी दिल्या, पण त्या गोड नव्हत्या. मंडळाचा चिटणीस माझ्या डोळ्यांदेखत रांगायला लागलेला मुलगा. तो घरी येऊन खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "काका, मधला भाग सोडून बाकीचं छापलं तर? म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको."

"मधला सोडला तर उरतं काय?"

"सुरुवात छान आहे तुमची. मंडप, मोदक वगैरे."

मोदकांवर लिहिणारे मंडळात पुष्कळ आहेत. मी कागद परत मागून घेतले. ज्यांना वाईट वाटायचं असेल त्यांना खुशाल वाटू दे. जिला खरोखर वाईट वाटलं होतं, तिला त्या वेळी कुणी विचारायला गेलं नव्हतं. मीही नाही.

कोलकात्यातले आम्ही मराठी लोक दोन जातींचे. एक आमच्यासारखे, ज्यांचे आजोबा इथे आले आणि इथेच राहिले. आमचं बंगाली झकास आणि मराठी घरापुरतं. दुसरे बदलीवाले. बँकांतले, सरकारी कंपन्यांतले अधिकारी. तीन-चार वर्षं राहायचे आणि बिऱ्हाड बांधून पुढच्या गावी जायचे. गणपतीत स्पर्धा मराठीत घेतली की बदलीवाल्यांच्या बायका जिंकायच्या, बंगालीत घेतली की आमच्या. दोन्ही वेळेला रुसवेफुगवे. शेवटी एका म्हाताऱ्या सभासदाने तोडगा काढला: इंग्रजीत घ्या, ती कुणाच्याच आईची भाषा नाही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो, त्यामुळे परीक्षक मीच.

खेळ सोपा होता. परीक्षकाने तीन-चार इंग्रजी अक्षरं द्यायची. ती अक्षरं त्याच क्रमाने, सलग, ज्या शब्दात कुठेही येतात असा शब्द प्रत्येकीने सांगायचा, स्पेलिंगसकट. एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा चालणार नाही. अडली ती बाद. बायका गजरे माळून रांगेने बसत आणि समोर नवरे आपापल्या बायकोच्या अज्ञानाला टाळ्या वाजवत.

पहिल्याच वर्षी अध्यक्षांची बायको पहिल्या फेरीत बाद झाली. अध्यक्ष म्हणजे नेहमी बदलीवाल्यांतला बडा अधिकारी. पुढच्या वर्षी त्यांच्या कंपनीकडून मिळणारा मंडप मिळाला नाही. मग कार्यकारिणीतल्या वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्षरं आदल्या दिवशी अध्यक्षांच्या घरी कळवत जा. पहिली आरती जशी त्यांची असते ना, तसंच हे." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दरवर्षी आदल्या दिवशी मी प्रसादाची पुडी घेऊन अध्यक्षांच्या घरी जायचो आणि चहा घेता घेता अक्षरं सांगून यायचो. कुणी त्याला फसवणूक म्हटलं असतं तर मी दुखावलो असतो. आम्ही त्याला रीत म्हणत होतो.

आता धाकटीबद्दल. माझ्या धाकट्या भावाची बायको. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. कराडकडच्या एका गावातून लग्न होऊन आमच्या भवानीपूरच्या घरात आली. मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी वाचता यायचं, बोलता यायचं नाही, आणि बंगाली तर तिच्या दृष्टीने तोंडात रसगुल्ला धरून बोललेली हिंदी होती. हे ती शेजारच्या बंगाली काकूंच्या तोंडावर म्हणाली आणि काकू हसल्या, यावरून ती कशी होती ते समजा. गरीब गाय नव्हती. स्वयंपाकात चुका काढायची, पत्त्यांत हरली की पुन्हा डाव मांडायला लावायची. मंडळातल्या बायकांना ती आवडत नसे आणि ते तिला ठाऊक होतं.

बसमधून जाता-येता ती दुकानांच्या पाट्या वाचत असे आणि घरी येऊन पोळ्या लाटता लाटता शब्द जुळवत असे. सारखी अक्षरं असलेले शब्द म्हणजे तिच्या भाषेत एका आडनावाचे शब्द.

"भाऊजी, उखाण्यात कानाने जुळवायचं असतं, ते मला येतं," ती एकदा मला म्हणाली. "पण तुमचं इंग्रजी कानाने जुळतच नाही. ही ओ-यू-जी-एच मंडळी बघा. कॉफ, रफ, दो, थ्रू. आडनाव एक आणि चौघांची तोंडं चार दिशांना. आमच्या गावात अशी भावकी आहे. एकमेकांच्या दारात जात नाहीत, पण लग्नपत्रिकेत सगळे शेजारी शेजारी."

"मग लक्षात कसं ठेवतेस?"

"पंगतीला बसवते. कुणाच्या शेजारी कोण बसलाय ते आठवलं की झालं. भावकी बोलते काय, त्याच्याशी मला काय करायचंय?"

मी मास्तर असल्यामुळे हसलो. पण तिने शेजारच्या दोन मुलांना याच पद्धतीने वाचायला शिकवलं होतं, आणि ती मुलं भराभर वाचू लागली होती. मंडळात ही बातमी गेली. आमच्या मुलांसाठी रविवारी सकाळी इंग्रजी वाचनाचा वर्ग काढायचा आणि तो धाकटीकडे द्यायचा, असं जवळजवळ ठरलं. तिला त्या वर्गाची किती आस होती ते आम्हाला घरात दिसत होतं. भावाने तिला फळा आणून दिला होता. तो तिने स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्यावर रोज नवं आडनाव असायचं. सासरी येऊन तिला पहिल्यांदाच स्वतःचं म्हणावं असं काही मिळणार होतं.

त्या वर्षी मी निवडलेली अक्षरं होती ए, एन, टी. रीतीप्रमाणे आदल्या दिवशी अध्यक्षांच्या घरी सांगून आलो. घरात चकार शब्द काढला नाही. बायकोलाही नाही. हे मी आज कुणाच्याही समोर, हव्या त्या देवावर हात ठेवून सांगायला तयार आहे.

स्पर्धेत एकेक बाई गळत गेली आणि शेवटी दोघी उरल्या. अध्यक्षीणबाई आणि धाकटी. मी दोघींच्या मधोमध टेबलाशी बसलो होतो. अध्यक्षीणबाईंचे शब्द असे आले: अकाउंटंट, अँटेना, ॲप्लिकंट, असिस्टंट, अटलांटिक, कॉन्स्टंट, डिस्टंट, एलिफंट, जायंट, ग्रँट. इंग्रजी कोश चाळावा तसे, एकामागून एक, आद्याक्षरांच्या क्रमाने. आदल्या संध्याकाळी पाठ केलेले शब्द दुसऱ्या कुठल्या क्रमाने येणार? सभागृहात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

धाकटीचे शब्द कसे आले तेही सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. टेनंट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाडेकरू संघाची पाटी होती. कन्सल्टंट. तिच्या पुढे नाक-कान-घशाचे डॉक्टर बसत. मग रेस्टॉरंट, मग सोनाराच्या काचेवरचं पेंडंट, मग घड्याळजीच्या दारावरची गॅरंटी. भिंतींवर चिकटवलेल्या कागदांवरचं वाँटेड. एस्प्लनेडच्या अलीकडे कापडवाल्याचं मर्चंट आणि फुटपाथवरच्या पँट. ती डोळे मिटून बसली होती आणि प्रत्येक शब्दाआधी मान जराशी उजवीकडे वळवत होती. बसच्या खिडकीशी बसल्यावर वळवावी तशी. त्या रस्त्याने मी रोज कॉलेजला जात होतो. पाटीमागून पाटी माझ्याही डोळ्यांसमोरून चालली होती. पाठ करून आलेल्या बाईला हे जमलं नसतं. एवढा स्वच्छ पुरावा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि तो फक्त मलाच दिसत होता.

अध्यक्षीणबाई वाँट आणि वॉरंटपर्यंत पोचल्या आणि त्यांचा कोश संपला. धाकटी तोवर बराकपूरच्या लष्करी छावणीपर्यंत पोचली होती. भावाची नोकरी तिकडे होती आणि ती अधूनमधून त्याच्याबरोबर जायची. तिने कँटोनमेंट सांगितलं आणि मग लेफ्टनंट. उच्चार केला 'लिउटेनंट', पण स्पेलिंग अक्षर न् अक्षर बरोबर. पुढे बसलेले लोक उच्चाराला हसले. स्पेलिंग पुरं झालं तेव्हा हसू थांबलं होतं.

अध्यक्षीणबाईंना पुढचा शब्द सुचेना. मी धाकटीचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या, पण विरळ. अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि हसत हसत म्हणाले, "परीक्षकांच्या घरचीच सून आहे म्हटल्यावर आमचा काय पाड लागणार. डिक्शनरी घरातच आहे की."

सभागृह हसलं. मीही हसलो.

ते हसू आज इतक्या वर्षांनी माझ्या तोंडावर आहे तसं आहे. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन अशी तिची खात्री होती. मी बोलत नाही म्हटल्यावर ती उठून उभी राहिली.

"साहेब, मला कुणी काही सांगितलेलं नाही," ती अध्यक्षांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "शंका असेल तर दुसरी अक्षरं द्या. भाऊजींनी नको, तुम्हीच द्या. इथल्या कुणीही द्या. आत्ता, इथे."

"अहो, गंमत केली वहिनी, तुम्ही मनावर घेताय."

"गंमत असेल तर मग द्याच ना अक्षरं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी अक्षरं दिली असती तर क्षणात निकाल लागला असता. धाकटी पुढे गेली असती, अध्यक्षीणबाई पहिल्याच शब्दाला अडल्या असत्या, आणि आधीचे शब्द त्यांना इतके सहज कसे आले ते सगळ्यांना कळलं असतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "आरतीची वेळ झाली."

आरतीला अजून अवकाश होता. पण आरती म्हटल्यावर मराठी माणूस उठतोच. खुर्च्या सरकल्या, कुणी टाळ शोधायला लागलं, पोरं घंटेकडे धावली. धाकटी तिथेच उभी राहिली. माझ्या बायकोने तिला हाताला धरून बाहेर नेलं.

घरी आल्यावर बायकोने मला विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं का तिला?"

"नाही."

"मग तोंडात मूग भरले होते का तुमच्या?"

मी म्हणालो, उद्या बोलतो सगळ्यांशी. पुढच्या रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. तिथे मला सरळ प्रश्न आला: अक्षरं बाहेर गेली होती का? अध्यक्ष समोर बसले होते. ज्या वडीलधाऱ्यांनी रीत घालून दिली होती तेही बसले होते, छताकडे बघत. मला एवढंच म्हणायचं होतं की अक्षरं एकाच घरी गेली होती आणि ते घर माझं नव्हे. मी म्हणालो, "मी कुणाला सांगितली नाहीत. घरात बोलता बोलता कुणाच्या कानावर गेली असतील तर सांगता येत नाही."

पहिलं वाक्य खोटं होतं. दुसरं त्याहून वाईट होतं, कारण ते ऐकायला प्रामाणिक वाटत होतं. बैठकीने सुटकेचा श्वास टाकला. दोघींना विजेत्या घोषित करायचं ठरलं, म्हणजे कटुता नको. रविवारच्या वर्गाचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, मुलांच्या बाबतीत संशयाला जागा नको. वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला आणि दोन-तीन महिन्यांत बंद पडला. मी त्यावर काही बोललो नाही. माझं बोलून झालं होतं.

भावाला माझं वाक्य बाहेरून कळलं. तो माझ्याशी भांडला नाही. दिवाळीआधी त्याने बराकपूरला घर घेतलं. कारण सांगितलं की रोज जायला-यायला त्रास होतो. फळा तेवढा ती स्वतः धरून घेऊन गेली, टेम्पोत ठेवू दिला नाही. मंडळात तिने पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही. बराकपूरला तिने छावणीतल्या शिपायांच्या मुलांना शिकवायला घेतलं. तमिळ, गढवाली, पंजाबी, ओडिया, सगळी एका ओसरीवर, आणि समोर फळ्यावर एक आडनाव. मंडळ नसलं म्हणून तिचं अडलं नाही. हे मी माझा अपराध हलका करायला लिहीत नाही. जिच्या हाती पोरं देता येत नाहीत असं आम्ही ठरवलं, तिच्याकडे लोक आपणहून पोरं आणून सोडत होते, हे स्मरणिकेतल्या मंडळींना कळावं म्हणून लिहितो.

आता लोक मला काय म्हणतात तेही सांगतो. चिटणीस म्हणतो, ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते अध्यक्ष बदलून गेले, वारले, त्यांना उत्तर देता येणार नाही. बरोबर आहे. म्हणूनच सांगतो की त्यांचा दोष थोडा आहे. त्यांना अक्षरं आणून दिली ती मी. अध्यक्षीणबाईंनी दिलेला अभ्यास केला, एवढाच त्यांचा गुन्हा. माझा एक जुना सहकारी फोनवर म्हणाला, "एका खेळाचं एवढं काय घेऊन बसलास? शब्दांचाच तर खेळ होता." मी त्याला म्हटलं, मग शब्दच मागे घेतो, माझे, बैठकीतले. तो म्हणाला, तुझं वय झालं. झालंय. वय झालेल्या माणसाला मंडळ काय करणार आहे, परीक्षकपदावरून काढणार?

यंदाच्या स्मरणिकेत आजवरच्या विजेत्यांची यादी छापणार आहेत. त्यात त्या वर्षापुढे दोन नावं आहेत. मी चिटणिसाला लिहून कळवलं आहे की त्या वर्षाची विजेती एकच होती आणि दुसरं नाव काढून टाका. काढणार नसाल तर परीक्षक म्हणून माझंही नाव छापू नका. आणि ज्या कुणाला अक्षरं आदल्या दिवशी कळत असतील, आजही, त्या सगळ्यांना उभं राहून ते सांगू दे. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरही मी हेच टाकलं. उत्तरादाखल फुलांचे आणि जोडलेल्या हातांचे ढीग आले. एकीने विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना?

तब्येत बरी आहे.

बराकपूरला मी जात राहिलो. सियालदाहून गाडी धरायची, वाटेत वाक्य घोळवायचं, स्टेशनवर उतरून रिक्षा करायची. दारात तीच उभी असायची. "या भाऊजी. आज काय, नुसतं यायचं होतं की काही सांगायचं होतं?" मी म्हणायचो, नुसतं आलो. ती चहा टाकायची. भाऊ पेपर खाली ठेवायचा. मी पावसाबद्दल, मुलांबद्दल, माशांच्या भावाबद्दल बोलायचो आणि परतीची गाडी धरायचो.

एकदा तिनेच विषय काढला. भाऊ आत होता. ती शेंगा सोलत होती.

"अध्यक्षीणबाई कोश पाठ करून आल्या होत्या, हो ना?"

मी कप खाली ठेवला.

"मला तिथेच कळलं होतं," ती म्हणाली. "ए झालं, सी झालं, डी झालं. माणूस आठवताना असं ओळीने आठवत नाही. मला एवढंच कळलं नाही की तुम्हाला कसं कळलं नाही."

त्या वेळी बोलायचं होतं. ती शेंगांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मला सोपं जावं म्हणून ती तसं बघत होती, हे मला समजत होतं. मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट झाली." ती म्हणाली, "हो," आणि सालं गोळा करून उठली.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. तेव्हाही मी गेलो. ती गादीवर उशांना टेकून बसली होती आणि समोर जमिनीवर दोन पोरं वाचत होती. तिने त्यांना बाहेर खेळायला पाठवलं. भाऊ औषधं आणायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. ती म्हणाली, "बोला भाऊजी." मी गाडीला किती गर्दी होती ते सांगितलं. तिने ते सगळं नीट ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात ती गेली.

मी वाटेत घोळवलेलं वाक्य मोठं नव्हतं. प्रत्येक वेळी तेच होतं, एखादा शब्द इकडेतिकडे. ते असं: धाकटे, तुला कुणी काही सांगितलं नव्हतं, आपल्या रस्त्यावरची एकेक पाटी तू वाचत गेलीस ते मला दिसत होतं, तू जिंकलीस हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं, तरी मी हसलो, आरती लावली आणि बैठकीत तुझ्यावर ढकललं, मी तुझा वर्ग घालवला, मला माफ कर.